विषय क्रमांक एक : इतिवृत्त कायम करणे

महापालिकेच्या स्थायी समितीची सभा सुरू झाली की शिपाई सभागृहाचं दार ओढून घेतो. आत सोळा सदस्य, आयुक्त किंवा त्यांच्या वतीने आलेले अधिकारी, शहर अभियंता, मुख्य लेखापरीक्षक, नगरसचिव, आणि नगरसचिवांच्या डाव्या हाताला एका छोट्या टेबलाशी लघुलेखक. सर्वसाधारण सभेला प्रेक्षकांसाठी सज्जा असतो, पत्रकारांची जागा ठरलेली असते. बहुमताने ठरवलं तरच ती सभा बंद करता येते. स्थायी समितीचं तसं नाही. अंदाजपत्रक, निविदा, करार, म्हणजे शहराच्या तिजोरीला हात घालणारे विषय जिथे ठरतात, ती खोली बहुतेक ठिकाणी बंदच असते. आत काय झालं हे बाहेर कळण्याच्या वाटा दोनच. सभेनंतर सदस्य पत्रकारांना सांगतील ती एक. दुसरी इतिवृत्ताची.

या दुसऱ्या वाटेवर जिचं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं अशा एका लघुलेखिकेची ही हकीकत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात लागल्या आणि प्रशासक राजवट चालू असताना निवृत्त झाल्या. त्यांचं आणि शहराचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून इथे दिलेलं नाही. त्या खोलीत बोललेले बरेच जण अजून राजकारणात आहेत, काही जण हयात नाहीत, आणि दोघांच्याही बाबतीत कागदावर आलं तेवढंच बोलायचं, असा त्यांचा दंडक आहे.

शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेत मिनिटाला १२० शब्दांची गती काढून त्या आल्या होत्या. परीक्षेत एक माणूस एका लयीत मजकूर वाचतो. सभेत चार माणसं एकदम बोलतात, पाचवा माइक आपटतो आणि सहावा खुर्ची सरकवत उभा राहतो. लघुलेखनात व्यंजनांच्या रेघा असतात, स्वरांच्या खुणा वेगात मागे पडतात आणि नंतर संदर्भावरून भरून घ्याव्या लागतात. क्लासमधल्या त्यांच्या सरांनी एक गोष्ट घोटून घेतली होती: ‘अमान्य’ लिहिताना काहीही झालं तरी सुरुवातीच्या स्वराची खूण करायची. ती सुटली तर वहीत ‘मान्य’ उरतं. पुढे सभागृहात त्यांनी हा नियम सगळ्या नकारांना लावला. ‘नाही’, ‘नको’, ‘विरोध’, ‘हरकत’ हे शब्द वहीत आले की खाली रेघ. त्यांच्या जुन्या वह्यांची पानं आजही चाळली तर या रेघा आधी दिसतात, बाकीचा मजकूर नंतर.

कार्यालयात त्यांच्या आधीपासून असलेल्या वयस्क लघुलेखकाने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, “बाई, निर्णय काय झाला ते कुणीही लिहील. शिपायालासुद्धा ठाऊक असतं. तुम्ही प्रश्न लिहा. कुणी विचारला आणि उत्तर कुणी दिलं, ते.” हा सल्ला नियमांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. नियमाला ठराव पुरेसा होता: विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मंजूर, नामंजूर, तहकूब किंवा दप्तरी दाखल. यात बसत नाही ते सगळं एका ठरलेल्या वाक्यात जायचं: ‘प्रस्तुत विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मान्यता देण्यात येत आहे.’ दोन तासांची भांडणं, अभियंत्याने दिलेला इशारा, एका सदस्याने सभात्याग करण्याआधी केलेला आरोप, सगळं या वाक्याच्या पोटात.

हे वाक्य कुणी मुद्दाम कट करून आणलेलं नाही, हेही त्या आवर्जून सांगतात. सभा संपल्यावर चाळीस विषयांचे ठराव आठवड्यात टंकून द्यायचे असतील, ठेकेदाराचा कार्यादेश त्यावर अडला असेल आणि टंकायला दोनच माणसं असतील, तर असं वाक्य आपोआप तयार होतं. पण एकदा ते रुळलं की त्याच्या आडोशाला कोणीही उभं राहू शकतं.

त्याचा प्रत्यय त्यांना एका जलवाहिनीच्या विषयात आला. निविदा दोनच आल्या होत्या आणि कमी रकमेची निविदाही अंदाजपत्रकी दरापेक्षा बरीच चढ्या दराची होती. फेरनिविदा का नको, असं एका सदस्याने विचारलं. पावसाळ्याआधी काम झालं पाहिजे, असं उत्तर आलं. मग मागच्या रांगेतला एक कनिष्ठ अभियंता, ज्याला खरं तर कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, उठून म्हणाला, “या पट्ट्यात काळी माती आहे साहेब. खालून मुरमाचा थर धरलेला नाही. पाइप बसेल, पण टिकणार नाही.” त्याला खाली बसवण्यात आलं. विषय मंजूर झाला. पहिल्या मसुद्यात नेहमीचंच वाक्य होतं. बाईंनी वहीवरून त्या अभियंत्याचं बोलणं तीन ओळींत उतरवलं आणि मसुदा नगरसचिवांपुढे ठेवला. नगरसचिव जुने, सरळ माणूस. त्यांनी तो वाचला, थोडा वेळ थांबले आणि सही केली.

दोन पावसाळे गेले आणि वाहिनी तीन ठिकाणी खचली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, खुलासे मागवले गेले आणि नेहमीप्रमाणे चौकशीची नोटीस सगळ्यात खालच्या माणसाच्या टेबलावर येऊन पडली. तो कनिष्ठ अभियंता इतिवृत्ताची प्रत मागायला नगरसचिव कार्यालयात आला तेव्हा त्याला स्वतःलाही आपण सभेत नेमकं काय बोललो ते आठवत नव्हतं. त्या तीन ओळींमुळे त्याची नोकरी राहिली. बंद दाराआडची नोंद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो भ्रष्टाचार उघड करणारा कागद. बाईंच्या अनुभवात अशी नोंद जास्त वेळा कामाला आली ती खरं बोललेल्या लहान माणसाच्या बचावासाठी.

टेपरेकॉर्डर कार्यालयात आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता लघुलेखकाचं काय काम? नव्वद मिनिटांची कॅसेट, एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बाजू संपली की खटका वाजायचा, कॅसेट उलटेपर्यंत पाऊण मिनिट जायचं, आणि अनुभवी सदस्यांना तो खटका ओळखता यायचा. काही जण वादाचं वाक्य नेमकं तेव्हाच टाकायचे. म्हणून बाईंनी दोन्ही चालू ठेवलं. टेप फिरत असतानाही त्यांची पेन्सिल थांबली नाही आणि खटक्याच्या वेळी तर त्या दुप्पट लक्ष देऊन लिहायच्या.

टेपला आणखी एक मोठी अडचण होती. कोण बोलतंय हे तिला दिसत नाही. पंधरा वर्षं एका सभागृहात बसलेल्या माणसाला आवाज ओळखू येतात, पण दरवर्षी समितीतले आठ सदस्य निवृत्त होतात आणि आठ नवे येतात. ‘माझा विरोध आहे’ हे वाक्य कॅसेटवर स्वच्छ ऐकू येतं, पण तो कुणाचा विरोध, हे वहीतच असतं. शिवाय हात वर करणारा, मान हलवणारा, न बोलता उठून जाणारा माणूस टेपवर नसतोच. मतदानाच्या वेळी बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशी तीन भागांत नावांची यादी त्या आपल्या हाताने करत. ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी ही यादी पूर्ण आहे की नाही हे पाहायचं, अशी सवयच त्यांनी लावून घेतली.

७४ व्या घटनादुरुस्तीनंतर महापालिकेत एकतृतीयांश महिला आल्या, पुढे महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्यावर गेलं. पहिल्या काही वर्षांत स्थायी समितीत आलेल्या एका नव्या सदस्येने भाजी मंडईतल्या स्वच्छतागृहाला दिवा आणि दाराला कडी नसल्याचा प्रश्न तीन सभांमध्ये मांडला. तिन्ही वेळा पुढचा सदस्य तिच्या वाक्यावर बोलायला लागला आणि टेपवर फक्त त्याचाच आवाज राहिला. इतिवृत्तात प्रश्न नाही, म्हणून खात्याकडे पाठवायला टिपण नाही, म्हणून उत्तर नाही. बाईंनी विद्युत विभागाच्या माणसाला बोलावून माइकची जागा बदलून घेतली. एक माइक लांब टेबलाच्या त्या टोकाला, जिथे पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य बसतात. चौथ्या सभेत प्रश्न नीट नोंदला गेला आणि पुढच्या महिन्यात खात्याचा खुलासा आला. नोंद करणाऱ्याच्या हातात सत्ता नसते असं म्हणतात. माइक कुठे ठेवायचा, एवढी तरी असते, आणि ती वापरायला हवी.

भाषेचाही एक मोठा प्रश्न. सदस्य बोलायचे घरच्या बोलीत आणि इतिवृत्त व्हायचं कार्यालयीन मराठीत. या रूपांतरात काय गळतं, याचं एक उदाहरण त्या नेहमी देतात. रस्तारुंदीच्या विषयावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले होते, “ह्यो रस्ता माझ्या दारावरनं जातोय, म्हून मी मत देणार न्हाई. पर नकाशा नीट बघून घ्या, येवढंच सांगतो.” टंकलिपिकाने केलेला मजकूर होता: ‘सदर रस्त्याचा नकाशा तपासण्यात यावा, अशी सूचना मा. सदस्यांनी केली.’ सूचना राहिली, पण स्वतःचा संबंध जाहीर करून मतदानातून बाजूला होण्याचा प्रामाणिकपणा गेला. करारात किंवा कामात सदस्याचा हितसंबंध असणं ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर गोष्ट. अपात्रतेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. असा माणूस आपणहून बोलला तर ते त्याच्याच शब्दांत राहिलं पाहिजे. बाईंनी ते अवतरणचिन्हांत, बोलीसकट ठेवलं. वरिष्ठांनी ‘ही काय भाषा’ म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, “साहेब, भाषा त्यांची आहे. सही तेवढी आपली आहे.”

कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’. सदस्य चहा घेत असतात, कागद उलगडत असतात. सभापती विचारतात, ‘कायम?’ आणि कुणीतरी म्हणतं, ‘कायम’. अर्ध्या मिनिटात मागच्या सभेचं सत्य ठरून जातं. खरा दबाव येतो तो सभा आणि हे अर्धं मिनिट यांच्या मधल्या दिवसांत. कार्यालयात कुणीतरी येऊन बसतो, तब्येतीची चौकशी करतो, मग चिठ्ठी पुढे सरकवतो. ‘ठरावात एवढी ओळ घ्या, चर्चेत झालंच होतं ते.’ ऐनवेळच्या विषयांत हे सगळ्यात सोपं, कारण त्यांचा छापील प्रस्तावच नसतो. सभेत तोंडी मांडलेला विषय कागदावर केवढा होईल, हे लिहिणाऱ्यावर. उपसूचनेचंही तेच. एका चौकाच्या सुशोभीकरणाला आलेली उपसूचना टंकून होईपर्यंत चार चौकांची होऊ शकते.

बाईंनी त्यावर भांडण कधी केलं नाही. त्या म्हणायच्या, “लेखी द्या, नगरसचिवांच्या मार्फत द्या, मी फाइलला लावते.” बहुतेक चिठ्ठ्या तिथेच परत खिशात जायच्या. एकदा मात्र लेखी पत्रच आलं, वजनदार सहीचं. तेव्हा त्यांनी रेकॉर्डर नगरसचिवांच्या दालनात नेऊन तो भाग ऐकवला. एक चौक, चार नव्हेत. नगरसचिवांनी पत्रावरच शेरा मारला की ध्वनिमुद्रणाशी मजकूर जुळत नाही. पुढच्या महिन्यात बाईंना दुसऱ्या विभागात काम करायला पाठवलं गेलं आणि वर्षभराने परत आणलं, कारण त्यांच्या जागी बसलेल्या कुणाला वेगाने टिपून घेता येत नव्हतं.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या कामाचा नूरच बदलला. तोवर इतिवृत्त वाचणारे म्हणजे सदस्य, लेखापरीक्षक आणि कधीतरी न्यायालय. आता रिक्षा संघटनेचा कार्यकर्ता, गृहनिर्माण सोसायटीचा सचिव, महाविद्यालयातली मुलं अर्ज घेऊन येऊ लागली. कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला आपल्या मंडळांची आणि समित्यांची यादी प्रसिद्ध करायला सांगितलं आहे. त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत की नाही आणि इतिवृत्त पाहायला मिळतं की नाही, हेही त्यातच सांगायचं असतं. दार बंद असलं तरी नोंद खुली असू शकते, हा विचार त्यात आहे. आणि कलम २ मध्ये माहिती मिळवण्याच्या प्रकारांत टेप, फ्लॉपी, व्हिडिओ कॅसेट यांची नावं आहेत. कॅसेटवरचा आवाज हासुद्धा नागरिकाने मागायचा अभिलेख ठरला.

इथेच बाईंच्या कार्यालयातली एक जुनी पद्धत आड आली. इतिवृत्त कायम झालं की कॅसेट पुन्हा वापरात. भांडार विभागातून वर्षाला ठरावीक कॅसेट मिळायच्या, मग दुसरं काय करणार? ठरावांची पुस्तकं ‘अ’ वर्गात, कायम जपायची. ध्वनिफीत कोणत्या वर्गात, हे कुणी ठरवलंच नव्हतं. एका अर्जदाराने दोन वर्षांपूर्वीच्या सभेची टेप मागितली तेव्हा तिच्यावर नंतरच्या तीन सभा चढलेल्या होत्या. त्या दिवसापासून बाईंनी टिपणांवर टिपणं पाठवली: ध्वनिमुद्रणाला वर्ग द्या, नष्ट करायचं तर आदेश काढा, आदेशावर तारीख आणि सही असू द्या. उत्तर यायला काही वर्षं लागली आणि आलं तेही अर्धंमुर्धं. डिजिटल रेकॉर्डर आल्यावर जागेची सबब राहिली नाही. एका सभेची फाइल चिमूटभर चकतीत मावते.

नोंद सविस्तर असावी की नुसता निर्णय पुरे, हा वाद एका महापालिकेपुरता नाही. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक बंद दाराआड होते. सहा सदस्य, तीन बँकेचे, तीन बाहेरचे. पण २०१६ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करावं लागतं आणि त्यात प्रत्येक सदस्याचं मत आणि त्यामागचं त्याचं म्हणणं द्यावं लागतं. खोलीत मोकळेपणाने बोला, पण जे बोललात त्याच्या खाली नाव येईल, अशी ही व्यवस्था. बाईंना ती मनापासून पटते.

त्याच बँकेच्या केंद्रीय मंडळाची ५६१ वी बैठक ८ नोव्हेंबर २०१६ ला संध्याकाळी साडेपाच वाजता दिल्लीत झाली आणि त्याच रात्री पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. त्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारातून लोकांपुढे आलं ते २०१९ मध्ये. त्यावर गव्हर्नरांची सही १५ डिसेंबर २०१६ ची, म्हणजे निर्णयानंतर पाच आठवड्यांनी. पण मजकूर पाहण्यासारखा आहे. मंडळाने शिफारस केली. त्याच कागदावर संचालकांचं हेही म्हणणं आहे की काळा पैसा मुख्यतः रोख रकमेत नसून सोनं आणि स्थावर मालमत्तेत आहे, त्यावर या निर्णयाचा फारसा परिणाम होणार नाही, आणि चालू वर्षाच्या विकासदराला काही काळ फटका बसेल. त्या दिवशीच्या लेखनिकाने ‘साधकबाधक चर्चेअंती शिफारस करण्यात आली’ एवढंच लिहिलं असतं तर हे कुणाला कधीच कळलं नसतं. हे इतिवृत्त बाईंनी छापून घेतलं आणि कार्यालयातल्या नव्या लिपिकांना वाचायला दिलं. नोटाबंदी बरोबर की चूक, हा त्यांचा विषय नव्हता. मंजुरी आणि शंका एकाच कागदावर कशा लिहायच्या, तो होता.

उलट बाजूही तेवढीच वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाची १२ डिसेंबर २०१८ ला झालेली बैठक घ्या. तिची विषयपत्रिका आणि निर्णय माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांनी मागितले होते. ९ डिसेंबर २०२२ ला न्यायालयाने त्यासाठीची त्यांची याचिका फेटाळली. चर्चा होऊन अंतिम ठराव तयार झाला आणि त्यावर सह्या झाल्या, तरच त्याला निर्णय म्हणायचं. नुसती चर्चा जाहीर करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. बाईंना हे वाचून वाईट वाटलं, पण त्यामागची अडचण त्या समजू शकतात. अर्धवट विचार लोकांपुढे गेला तर माणूस अर्धवट विचार बोलायचंच बंद करतो.

कारण हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला की काही सदस्य दिव्याकडे पाहून बोलायचे. भाषणं लांबली आणि प्रश्न कमी झाले. खरं बोलणं सभापतींच्या दालनात, सभेआधीच्या पक्षबैठकीत व्हायला लागलं, आणि सभागृहात यायचं ते ठरवून आलेलं. म्हणजे एक दार उघडायला जावं तर आत दुसरं बंद. यावर त्यांच्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच त्या म्हणतात की पक्षबैठकीत ठरलेल्या गोष्टीलाही शेवटी सभागृहात यावं लागतं, कुणाच्या तरी तोंडून यावं लागतं, आणि ते तोंड कुणाचं, हे तरी लिहून ठेवता येतं.

सगळंच लिहायचं नसतं, हेही याच खोलीत त्या शिकल्या. एका सफाई कामगाराच्या बडतर्फीवरचं अपील समितीपुढे आलं होतं. गैरहजेरीचं कारण सांगताना त्याच्या बायकोचा आजार, नावासकट, तपशिलासकट, सभेत बोलला गेला. ते समितीला माहीत असणं गरजेचं होतं. पुढे ती प्रत वाचणाऱ्या कुणालाही माहीत होण्याची गरज नव्हती. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं, ‘कौटुंबिक आजारपणाची कागदपत्रे समितीने पाहिली’, आणि कागदपत्रं बंद पाकिटात फाइलला लावली. न्यायालयात चालू असलेल्या दाव्यात विधी सल्लागार पालिकेची लंगडी बाजू समजावून सांगतात, तेही असंच. विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या हातात ते दोन दिवसांत गेलं तर नुकसान शहराचं. दार बंद ठेवण्याची ही खरी कारणं आहेत आणि ती मोजकी आहेत. रस्त्याची निविदा, पाण्याचा दर, शाळेच्या जागेचं आरक्षण हे त्यांत बसत नाहीत.

सभापती ‘हे कामकाजातून काढून टाका’ म्हणाले की शिव्या आणि अपशब्द निघून जायचे, ते योग्यच. पण अपशब्दासोबत त्याच्या आधीचा प्रश्नही काढायला सांगितला जातो, तेव्हा लिहिणाऱ्याने विचारायचं असतं: “शब्द काढू की मुद्दा?” हा प्रश्न बाई भर सभेत, उभं राहून विचारायच्या. त्याची त्यांना सुरुवातीला फार भीती वाटायची. नंतर लक्षात आलं की हा प्रश्न मोठ्याने विचारला की सभापती बहुतेक वेळा ‘शब्द’ असंच म्हणतात.

२०२० मध्ये टाळेबंदीत सभा पडद्यावर आल्या. प्रत्येक चौकटीखाली नाव, म्हणजे कोण बोलतंय हा जुना प्रश्न मिटला. ध्वनिमुद्रण आपोआप होत होतं. मात्र ज्याचा आवाज बंद त्याचा विरोधही बंद, आणि आवाज बंद करायचं बटण सभा चालवणाऱ्याच्या हातात. दोन सदस्यांनी फोन करून ‘आमचा विरोध नोंदवा’ म्हणून सांगितलं. फोनवरचा विरोध इतिवृत्तात घेता येतो का? बाईंनी त्यांना सभा चालू असतानाच मेल करायला सांगितलं आणि वेळेसकट तो मेल इतिवृत्ताला जोडला.

आणि मग निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. मार्च २०२२ च्या सुमारास मुंबई, पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांत निवडणुका न होता प्रशासक आले. काही ठिकाणी ते २०२० पासूनच होते. बहुतेक ठिकाणी आयुक्तच प्रशासक. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सर्वसाधारण सभेचेही त्यांच्याकडेच. आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा आणि प्रशासक म्हणून त्यालाच मंजुरी द्यायची. कायद्याने ती व्यवस्था होती आणि शहराची कामं थांबू नयेत म्हणून ती लागते, हे बाई नाकारत नाहीत. पण त्यांच्या टेबलावर यायला लागलं ते ठरावाचं पान थेट: क्रमांक, विषय, मंजूर, सही. सूचक नाही, अनुमोदक नाही, तटस्थ नाही. दर जास्त का, असं विचारणारा कुणी नाही. फायलीवर लेखा विभागाचा शेरा असतो, तोच काय तो प्रश्न. नोकरीची शेवटची दीड-दोन वर्षं त्यांनी अशी ठरावांची पानं क्रमाने लावण्यात घालवली. ज्या भांडखोर सभांना त्या एके काळी कंटाळायच्या, त्यांची किंमत त्यांना या काळात कळली. गोंधळ करणाऱ्या सदस्यात दोष असतील. तो निदान कुणाला तरी उत्तर द्यायला लावत होता.

निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. घरासमोरचा पावसाळी नाला तिथल्या महापालिकेने बंदिस्त केला आहे आणि पहिल्या मोठ्या पावसात गल्लीत पाणी भरतं. हे काम प्रशासक येण्याआधी स्थायी समितीत मंजूर झालं होतं. बाईंनी माहिती अधिकाराचा अर्ज केला: विषय क्रमांक, ठराव क्रमांक, इतिवृत्ताची प्रत. महिन्याच्या आत प्रत आली. एक पान. ‘साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते.’ नाल्याची रुंदी कमी करताना कुणी काही विचारलं होतं का, अभियंत्यांनी काही सांगितलं होतं का, त्यात काहीच नाही.

त्यांनी दुसरा अर्ज केला आणि त्या सभेचं ध्वनिमुद्रण मागितलं. ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. आता त्यांनी पहिलं अपील दाखल केलं आहे. त्यात गाऱ्हाणं नाही, चार प्रश्न आहेत: मुद्रण झालं होतं का, झालं असेल तर ते कोणत्या अभिलेख वर्गात ठेवलं होतं, कोणत्या आदेशाने नष्ट केलं, आणि त्या आदेशावर सही कुणाची. सुनावणीची तारीख अजून मिळालेली नाही. तोवर बाई गल्लीतल्या दोन तरुण मुलींना सभेची टिपणं कशी घ्यायची ते शिकवत आहेत, कारण प्रभागातल्या लोकांची नाल्यावर अभियंत्यांशी पुढच्या आठवड्यात बैठक आहे आणि अभियंते काय सांगतात ते या वेळी लोकांच्या वहीतही असावं, असं ठरलं आहे.